पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंचा उजवा गुडघा : बारा आठवड्यांचं प्रकरण

वय ५८. पुण्याच्या उपनगरात घरच्या घरी पोळी-भाजी केंद्र. रोज सकाळी दीडशेच्या आसपास पोळ्या, त्याही पाटावर बसून, उजवा पाय दुमडून. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या ३६. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. रक्तदाबाची गोळी चालू, मधुमेह नाही. उजवा गुडघा तीन वर्षांपासून दुखतो. गेल्या सहा महिन्यांत जिना उतरणं कठीण झालं, म्हणून त्या आमच्याकडे फिजिओथेरपीसाठी आल्या.

हे प्रकरण एकाच रुग्णाचं नाही. मध्यमवयीन बायकांच्या गुडघ्याच्या झिजेत जे वारंवार दिसतं ते एकत्र करून, कुणाची ओळख पटू नये अशा रीतीने ते बांधलेलं आहे. आकडे अशा रुग्णात सहसा दिसतात तसेच ठेवले आहेत.

तक्रारीतलं महत्त्वाचं

दुखणं गुडघ्याच्या आतल्या बाजूला. सपाटीवर चालताना दहापैकी ४, जिना उतरताना ७. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं आखडलेपण, मग सुटतं. अर्धा तास बसून उठलं की पहिली पाच-सहा पावलं जड जातात. रात्री कूस बदलताना कधीतरी कळ, पण दुखण्याने झोपमोड नाही. गुडघा अडकून बसत नाही, ताप नाही, लाली नाही, वजन आपोआप घटलेलं नाही.

या उत्तरांवरून बरंच कळतं. आखडलेपण अर्ध्या तासाच्या आत सुटणं हे झिजेच्या संधिवाताचं लक्षण. ते तासभर टिकलं असतं किंवा बोटांचे सांधेही सुजले असते, तर व्यायाम सुरू करण्याआधी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवावं लागलं असतं. गुडघा खरोखर अडकत असता, म्हणजे हाताने हलवून सोडवल्याशिवाय सरळ होत नसता, तर अस्थिरोगतज्ज्ञांचं मत आधी घेतलं असतं.

एक गोष्ट काळजीची होती. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली वेदनाशामक गोळी त्या आठवड्यातून चार-पाच दिवस घेत होत्या. या गटातल्या गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, जठराला आणि मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो, आणि रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर मूत्रपिंडांवरचा धोका आणखी वाढतो. पहिल्याच दिवशी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे पाठवून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला घटक, तपासून घेतलं. ते ठीक निघालं. डॉक्टरांनी गोळी बंद करून त्याच प्रकारचं औषध असलेलं लावायचं जेल दिलं. गुडघा कातडीच्या जवळचा सांधा असल्यामुळे तिथे जेल बऱ्यापैकी काम करतं आणि रक्तात औषध फार कमी जातं.

तपासणी

उभं राहिल्यावर उजवा गुडघा किंचित बाहेर, धनुष्यासारखा वाकलेला. आतल्या बाजूचं पाणी वर सारून बाहेरून दाबलं की आत पुन्हा फुगवटा दिसत होता, म्हणजे सांध्यात थोडं पाणी होतं. गुडघा ११० अंशांपर्यंत वाकत होता (डावा १३०), आणि पूर्ण सरळ होत नव्हता. शेवटचे ८ अंश शिल्लक राहत होते. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर मांडीचा घेर डाव्यापेक्षा २ सेंटिमीटर कमी. उजव्या पायावर उभं राहायला सांगितलं की कंबर डावीकडे खाली झुकत होती, म्हणजे नितंबाच्या बाजूचे स्नायूही दुबळे.

हात लावून पाहताना दोन जागा दुखऱ्या निघाल्या. एक सांध्याच्या रेषेवर. दुसरी त्याच्या सुमारे ५ सेंटिमीटर खाली, नडगीच्या आतल्या बाजूला, जिथे मांडीच्या तीन स्नायूंच्या दोऱ्या हाडाला चिकटतात आणि त्यांच्याखाली एक छोटी पिशवी असते. ती पिशवी सुजली की दुखणं हुबेहूब गुडघ्याचंच वाटतं. ही दुसरी जागा बोटाने चाचपून पाहायला एक मिनिटसुद्धा लागत नाही, पण ती बरेचदा राहून जाते. मग सगळं दुखणं एक्स-रेतल्या झिजेच्या नावावर जमा होतं. पिशवीची सूज झिजेपेक्षा कितीतरी लवकर बरी होते, त्यामुळे दोन्ही वेगवेगळं ओळखणं रुग्णाच्या फायद्याचं असतं. खुब्याची आतबाहेरची फिरकी आणि पाठही तपासली. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. इथे दोन्ही ठीक होती.

कामाच्या क्षमतेसाठी एकच चाचणी मुख्य धरली. ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून, हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. त्यांचं उत्तर ७. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांत १२ पेक्षा कमी हे सरासरीच्या खालचं मानतात, आणि या बाई तर साठीच्याही अलीकडच्या. एक्स-रेपेक्षा हा आकडा आम्हाला जास्त बोलका वाटतो, कारण जिना, कमोड आणि एस.टी.ची पायरी या तिन्हींची ताकद त्यात मोजली जाते.

एक्स-रे त्यांच्याकडे होता, पण झोपून काढलेला. झोपलेल्या स्थितीत गुडघ्यावर वजन नसतं, त्यामुळे हाडांमधलं अंतर असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. उभं राहून काढलेल्या नव्या फिल्ममध्ये उजवीकडे तिसऱ्या श्रेणीची आणि डावीकडे दुसऱ्या श्रेणीची झीज दिसली (चौथी श्रेणी सर्वांत तीव्र). डावा गुडघा दुखत नव्हता, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

कुणीतरी एमआरआय सुचवला होता. तो केला नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले होते. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली दिसली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याची कसलीही तक्रार नव्हती. या वयात एमआरआयमध्ये फाट दिसणं अपेक्षितच असतं. ती दिसल्यावर घरचे घाबरतात आणि व्यायाम मागे पडतो.

आधीचे उपचार का टिकले नाहीत

दीड वर्षापूर्वी त्यांनी दहा दिवस मशीनचा शेक घेतला होता. शेक चालू असेपर्यंत बरं वाटलं, नंतर पंधरवड्यात दुखणं परत आलं. सोबत एकच व्यायाम दिला होता, झोपून पाय सरळ उचलायचा, दहा वेळा. तो त्या वर्षभर तसाच करत होत्या. तेवढंच वजन, तेवढ्याच वेळा. स्नायूला वाढायला कारण हवं. पहिल्या महिन्यात जो व्यायाम जड जात होता तो सहाव्या महिन्यात हलका झाला की त्याचं काम संपतं. फिजिओथेरपी करूनही गुण आला नाही असं सांगणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या बाबतीत आम्हाला हेच आढळतं: भार कधी वाढवलाच गेला नाही. औषधाची मात्रा ठरवतात तशी व्यायामाचीही ठरवावी लागते, आणि ती बदलत न्यावी लागते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत गुडघ्याच्या झिजेला व्यायाम सगळ्यांना द्यावा असं म्हटलं आहे, आणि अल्ट्रासाउंड, आयएफटी (कातडीवरून सोडलेला सौम्य विद्युतप्रवाह) यांसारखे विजेवरचे उपचार देऊ नयेत असंही, कारण त्यांच्या उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही.

दुसरं कारण उशी. दुखऱ्या गुडघ्याखाली उशी घेऊन त्या दोन वर्षं झोपत होत्या. आराम वाटतो, पण गुडघा रात्रभर वाकलेला राहतो आणि मागचे स्नायू व सांध्याचं आवरण आखूड होत जातं. ते ८ अंश बऱ्याच अंशी तिथून आलेले. पूर्ण सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर उभं राहायचं तर मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत ताणून धरावं लागतं. दोन तास उभं राहिल्यावर मांडी भरून येते ती म्हणूनच. उशी पहिल्या रात्रीपासून बंद केली. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये घेतलेली चालते.

तिसरं कारण भीती. वंगण संपलंय, जितकं चालाल तितकं झिजेल, असं शेजारपाजारच्यांनी सांगितल्यावर त्यांनी संध्याकाळचं चालणं सोडलं होतं. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आतबाहेर व्हायला सांध्यावर दाब पडणं आणि सुटणं लागतं. चालणं बंद केल्याने झीज थांबत नाही. स्नायू मात्र झपाट्याने उतरतात.

पहिले दोन आठवडे : गुडघा सरळ करणं

आधी सरळपणा, मग ताकद, असा क्रम ठेवला. पाठीवर झोपून टाचेखाली जाड गुंडाळलेला टॉवेल, गुडघा अधांतरी, पाच मिनिटं तशीच ठेवायची. दिवसातून तीन वेळा, आठवड्याभरात दहा मिनिटांपर्यंत. मागे ताण जाणवायला हवा, कळ नको.

मग गुडघ्याखाली बारीक गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, सहा सेकंद धरायची, दहा वेळा, तीन फेऱ्या. दिसायला सोपा, पण सर्वांत जास्त चुकणारा व्यायाम. वाटी मांडीच्या दिशेने सरकली आणि टाच किंचित उचलली गेली तरच तो बरोबर. बाई आधी मांडीऐवजी नितंब आवळत होत्या. वाटीच्या वर स्वतःचं बोट ठेवायला लावलं तेव्हा फरक कळला. श्वास रोखू नये म्हणून आकडे मोठ्याने मोजायचे. रक्तदाब असलेल्यांनी हे पाळायलाच हवं.

पाय सरळ उचलण्याचा जुना व्यायाम ठेवला, पण अट घालून: डावा गुडघा दुमडलेला, उजवा पूर्ण ताठ, उंची ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, पाच सेकंद धरणं. उचलताना गुडघा थोडा जरी वाकला तर तो उचलणं मोजायचं नाही. डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय बाजूला उचलणं, दहाच्या दोन फेऱ्या. यात शरीर मागे कलंडतं आणि पाय पुढे येतो, म्हणून पाठ भिंतीला लावून, टाच भिंतीवरून घासत वर न्यायची. सोबत गुडघे दुमडून कंबर उचलणं आणि गादीवर प्लॅस्टिकची पिशवी टाचेखाली घेऊन पाय सरकवत गुडघा वाकवणं.

सकाळी आखडलेपणासाठी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, काम संपल्यावर सूज असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. शेक घ्यायला हरकत नाही. तो व्यायामाच्या जागी घेतला की घात होतो. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असलेल्या मधुमेहींनी मात्र दोन्ही टाळावं, कातडी भाजली तरी कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून : भार

आता व्यायाम एक दिवसाआड, कारण स्नायूला सावरायला वेळ लागतो. मुख्य व्यायाम खुर्चीतून उठणं. सुरुवात ५५ सेंटिमीटर उंचीपासून, म्हणजे साध्या खुर्चीवर घडी घातलेल्या सतरंज्या. आठच्या तीन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, गुडघे पावलांच्या रेषेत. उठायला दोन सेकंद, बसायला तीन. बसताना धपकन खाली येणं हीच नेहमीची चूक, आणि ताकद तर खाली येतानाच जास्त मिळते. तिन्ही फेऱ्यांत दहा-दहा जमले की एक सतरंजी काढायची. आठव्या आठवड्यात त्या ४३ सेंटिमीटरवर आल्या. नंतर छातीशी दोन किलोची कणकेची पिशवी धरून.

दुसरा व्यायाम पायरी. दहा सेंटिमीटर उंचीचा लाकडी पाट, भिंतीला टेकवलेला, खाली रबरी चटई. उजवा पाय पाटावर, वर चढायचं, सावकाश खाली. गुडघा आत झुकत असेल तर उंची कमी करायची, कारण त्याचा अर्थ नितंबाचे स्नायू अजून सांभाळू शकत नाहीत. सहाव्या-सातव्या आठवड्यात १५ सेंटिमीटर, मग खऱ्या जिन्याची पायरी. तिसरा, ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलणं, बाराच्या तीन फेऱ्या. चौथा, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून गुडघ्याच्या मागे अडकवायचा आणि शेवटचे तीस अंश सरळ करायचे; पट्टा लाल, मग हिरवा, मग निळा. पोटरीचा ताण ३० सेकंद, तीन वेळा, रोज.

मात्रा ठरवायचा नियम बाईंनी फ्रिजवर लिहून लावला होता. व्यायाम करताना दुखणं दहापैकी ४ पर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही, किंवा सूज वाढली, तर पुढच्या वेळी फेऱ्या एक तृतीयांशाने कमी करायच्या, बंद करायच्या नाहीत. अजिबात दुखता कामा नये असं सांगितलं तर कुणीच पुरेसा भार घेत नाही. सोसून करा म्हटलं तर गुडघा सुजतो. हा नियम दोन्हींच्या मधला आहे.

पाचवा आठवडा, गौरी-गणपती

गौरींच्या आदल्या दिवशी जमिनीवर बसून तीन तास मोदक आणि पुरण, खरेदीसाठी दिवसभरात आठ वेळा जिना, आणि रात्री ठरलेला व्यायामही पूर्ण केला. दुसऱ्या सकाळी गुडघा टम्म. वाटीच्या मध्यावर घेर दीड सेंटिमीटर वाढलेला, वाकणं ९५ अंश, पाय उचलताना गुडघा पुन्हा ढिला.

ही ढिलाई ताकद गेल्यामुळे आलेली नव्हती. सांध्यात वीस-तीस मिलिलिटर पाणी साचलं तरी मांडीच्या पुढच्या स्नायूला, विशेषतः त्याच्या आतल्या भागाला, मज्जारज्जूतून मिळणारा आदेश कमी होतो. स्नायू असतो, पण पूर्ण चालू होत नाही. म्हणून सुजलेल्या गुडघ्यावर जोर वाढवून उपयोग नसतो. आधी पाणी उतरवावं लागतं.

ताप, लाली, पोटरीत दुखणं यांची चौकशी केली, काही नव्हतं. असतं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. चार दिवस पायरी आणि खुर्ची बंद, चालणं निम्म्यावर, बर्फ दिवसातून तीनदा, पाय उशीवर उंच पण गुडघा सरळ ठेवून, टॉवेल दाबण्याचा व्यायाम चालू. काठी डाव्या हातात. दुखऱ्या बाजूला धरलेली काठी फारसं वजन उचलत नाही आणि चाल आणखी बिघडवते. लांबी मनगटाच्या रेषेपर्यंत, कोपर किंचित वाकलेलं. पाचव्या दिवशी तिसऱ्या आठवड्याच्या पातळीवरून पुन्हा सुरुवात, आणि दहा दिवसांत त्या पूर्वीच्या जागी आल्या.

याच दिवसांत घरच्यांनी इंजेक्शनचं विचारलं. विचारणं रास्त होतं. तीव्र सुजेत स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन काही आठवड्यांचा आराम देतं. पण अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांत १५६ रुग्णांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत वर्षभरानंतर फिजिओथेरपी घेतलेल्यांचा त्रास ० ते २४० च्या मोजपट्टीवर सरासरी ३७ होता, इंजेक्शन घेतलेल्यांचा ५५.८. दर तीन महिन्यांनी दोन वर्षं इंजेक्शन दिलेल्या गटात, २०१७ च्या दुसऱ्या एका चाचणीत, कूर्चा जास्त झिजली आणि दुखणं मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा कमी झालं नाही. त्यांनी थांबायचं ठरवलं.

ओटा, जिना, संडास

व्यायाम आठवड्यातून तीन-चार तासांचा, गुडघा वापरायचा दिवसभर. पोळ्या ओट्यावर आल्या. पण सलग दोन तास उभं राहणंही नको होतं. ६० सेंटिमीटरचं उंच स्टूल घेतलं. वीस-पंचवीस मिनिटं उभं, तितकीच स्टुलावर टेकून. उभं असताना एक पाय छोट्या पाटावर, आलटून पालटून. कणीक मळायला यंत्र आणल्याने आणखी वीस मिनिटं वाचली.

जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी, हात कठड्यावर. दिवसातल्या फेऱ्या आठवरून तीनवर, गिऱ्हाइकांचे डबे टोपलीला दोरी बांधून खाली. भारतीय संडासावर ठेवायची खुर्ची आणि भिंतीला धरायची दांडी. दिवसभर चढवून ठेवलेली नीकॅप फक्त बाजारात जाण्यापुरती.

मांडी घालून बसणं तीन महिने थांबवलं, कायमचं नाही. पंगतीला, हळदीकुंकवाला जमिनीवर बसता न येणं या वयाच्या बाईला फार लागतं, आणि कायमच्या बंदीची गरजही नसते. दहाव्या आठवड्यात जमिनीवरून उठणं मुद्दाम शिकवलं: आधी कुशीवर वळायचं, हातांवर भार देऊन दोन्ही गुडघ्यांवर यायचं, गुडघ्यांखाली घडीची रजई, समोर खुर्ची, मग डावं पाऊल पुढे टाकून खुर्चीवर रेटा देत उभं राहायचं. पंधरा-वीस मिनिटं बसून असं उठता येऊ लागलं.

वजन

एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं २००५ मध्ये झालेल्या मोजमापांत दिसलं. बाईंचा आहार आहारतज्ज्ञांनी पाहिला. जेवण बेताचंच होतं. जास्तीचं येत होतं उरलेल्या पोळ्यांतून आणि चहाबरोबरच्या फरसाणातून. पोळ्या मोजून लाटायच्या, सकाळी एक अंडं, दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ. प्रथिनं कमी पडली तर वजनाबरोबर स्नायूही उतरतो, आणि मग व्यायामाची कमाई तिथेच जाते. चालणं सपाटीवर १२ मिनिटांपासून, आठवड्याला दोन-तीन मिनिटांनी वाढवत ३० पर्यंत. बारा आठवड्यांत वजन ७८ वरून ७४.५.

बारा आठवड्यांनंतर

३० सेकंदांत खुर्चीतून उठणं ७ वरून १२. जिना उतरतानाचं दुखणं ७ वरून ३. सरळ होण्यातली तूट ८ वरून ३ अंश, वाकणं १२०. मांडीच्या घेरातला फरक २ वरून १ सेंटिमीटर. नडगीवरची दुखरी जागा सहाव्या आठवड्यातच गेली होती. जेल महिन्यातून चार-पाच दिवस. एक्स-रे पुन्हा काढला नाही. तो तसाच दिसला असता. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही, हे बाईंना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेलं होतं.

पुढचा बेत: खुर्ची आणि पायरी आठवड्यातून दोनदा, भारासह, कायम, चालणं आठवड्यातून पाच दिवस. सणाच्या किंवा लग्नाच्या आठवड्यात व्यायाम निम्मा. तीन महिन्यांनी खुर्चीची चाचणी पुन्हा. १० च्या खाली आली तर लगेच भेटायचं. दुखण्याने रोज झोपमोड होऊ लागली, दोन-तीनशे मीटरवर थांबावं लागू लागलं किंवा पायाचा बाक वाढत गेला, तर सांधेरोपणाबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलायला उशीर करायचा नाही. शस्त्रक्रिया लागलीच तर तोवर कमावलेली मांडी तेव्हाही उपयोगी पडते. डाव्या गुडघ्यासाठी वेगळं काही लागलं नाही: खुर्ची आणि टाचा दोन्ही पायांच्याच, पायरी आता आलटून पालटून दोन्ही पायांनी.